बाईंच्या पेशी

त्या वर्षी माझं निम्मं काम ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून राहण्याचं होतं. मांडीवर बर्फाचा डबा, डब्यात गुलाबी द्रव भरलेली बाटली आणि समोर बंद दार. शस्त्रक्रिया संपत आली की एक सिस्टर दार अर्धं उघडून हात पुढे करायची. मी बाटली द्यायची, ती आत जाऊन भरून परत यायची. मग रिक्षा, आणि रिक्षातून थेट लॅब.

स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत जो भाग काढतात, तो एरवी दवाखान्याच्या कचऱ्यात जातो. त्या बाईने लेखी संमती दिली तर तो आम्हाला मिळायचा. त्यातून मूलपेशी वेगळ्या काढायच्या, लॅबमध्ये वाढवायच्या आणि त्यांचं पुढे काय होतं ते बघायचं. मूलपेशी म्हणजे आपण काय व्हायचं हे जिचं अजून ठरलेलं नाही अशी पेशी. स्तनात तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे नलिकेच्या आतल्या अस्तराची पेशी व्हायचं, गरोदरपणानंतर दूध करते ती. दुसरी म्हणजे त्या अस्तराला बाहेरून वेढून बसायचं आणि वेळ आली की आकुंचन पावून दूध पुढे ढकलायचं. कुठली पेशी कुठल्या वाटेने का जाते, हे आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमना समजून घ्यायचं होतं. मला पीएचडी संपवायची होती.

आम्ही विश्रांतवाडीला राहतो. अम्मी नातेवाइकांना सांगायची, मुलगी हॉस्पिटलमध्ये असते. त्यामुळे निम्म्या लोकांना मी आजारी आहे असं वाटायचं.

बाई मला भेटल्या त्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी. संमतीचे कागद घेऊन मी खोलीत गेले तेव्हा त्या चष्मा लावून पेपर वाचत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, कर्वेनगरमधल्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, अविवाहित. सोबत कुणी नव्हतं. मी माझं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी मध्येच विचारलं,

"तुम्ही डॉक्टर का?"

"अजून नाही. आणि होईन तेव्हाही औषध देणाऱ्यातली नसेन."

"मग माझ्याकडे काय काम काढलंत?"

मी सांगितलं. त्यांनी कागद मागून घेतले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. संमतिपत्र पूर्ण कुणी वाचत नाही. मी स्टुलावर बसून राहिले.

"यातून काय काढणार म्हणालात? मूलपेशी. या वयात निघतात?"

"कमी निघतात."

"आणि निघाल्याच तर त्यांचं काय करणार?"

"त्यांना दूध करता येतं का ते बघणार."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "माझं लग्न झालेलं नाही, हे तुम्हाला सांगितलंय ना कुणी?"

"पेशींना ते लागत नाही," मी म्हटलं. म्हणून झाल्यावर वाटलं, आता या कागद परत करणार. पण त्या हसल्या. हसताना त्यांनी एक हात मानेवर धरला होता, कारण मान दुखत होती. ती कित्येक वर्षं दुखत होती, आणि प्रत्येक डॉक्टरने वजन कमी करा एवढंच सांगितलं होतं. वजन कमी झालं तरी तिथलं होत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच चौकशी करून हा सर्जन शोधला. भावजय म्हणाली होती, आता या वयात कोण बघायला बसलंय?

"तिला म्हटलं, बघणाऱ्यासाठी नाही गं, उचलणारीसाठी चाललंय."

त्यांनी सही केली. सहीच्या खाली, फळ्यावर लिहावं तशा सुट्या अक्षरात एक ओळ लिहिली: पेशी वाढल्यास मला प्रत्यक्ष दाखवाव्यात.

मी म्हटलं, असं लिहिता येत नाही. पेशींना नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. कुठल्या कुणाच्या हे लॅबमध्ये कुणी बघत नाही.

"संमती माझी आहे ना? मग अटही माझीच. चालत नसेल तर फाडून टाका, माझं काही म्हणणं नाही."

मी बाहेर जाऊन मॅडमना फोन केला. त्यांनी ती ओळ वाचून दाखवायला सांगितली. मग म्हणाल्या, "घेऊन ये. अट एथिक्स कमिटीपुढे ठेवते. त्यांचं उत्तर येईपर्यंत पेशी वाढव, पण निष्कर्षात धरू नकोस."

दुसऱ्या दिवशी बाटली आली. पिवळी चरबी आणि तिच्यातून गेलेले पांढरे चिवट धागे. आपल्याला हवं ते त्या धाग्यांच्या आसपास असतं. दोन पात्यांनी ते सगळं बारीक चिरायचं, त्यावर विकर, म्हणजे एन्झाइम, घालायचं आणि अंगाच्या उबेइतक्या तापमानात हळूहळू हलत ठेवायचं. चरबी वर तरंगते, धागे विरघळतात, आणि दुसऱ्या दिवशी नळीच्या तळाशी रव्यासारखे कण दिसतात. त्या कणांमधून मग सुट्या पेशी.

या पेशी साध्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये ठेवल्या तर तळाला चिकटतात, चपट्या होतात आणि भराभर वाढतात. वाढताना बघायला बरं वाटतं, पण त्यांचा उपयोग नसतो. आपण कुठल्या अवयवातल्या आहोत याची एकही खूण त्यांच्यात उरत नाही. शरीरात त्यांच्याभोवती मऊ असतं, म्हणून त्यांना मऊ जेलमध्ये घालावं लागतं. तरुण बायकांच्या पेशी जेलमध्ये घातल्या की काही दिवसांत एकेका पेशीपासून एकेक गोळा व्हायचा, मग तो आतून पोकळ व्हायचा आणि त्याची भिंत दोन थरांची व्हायची. एकाच पेशीतून दोन्ही थर निघाले तर ती मूलपेशी होती असं म्हणायचं. मग गरोदरपणात शरीर जी संप्रेरकं बनवतं, ती आम्ही पिपेटने घालायचो, आणि पोकळीत दुधातलं प्रथिन जमतं का ते बघायचो.

बाईंच्या पेशींनी असं काही केलं नाही. त्यांचे गोळे झाले, पण भरीव, मधोमध काळपट. रंगवून पाहिले तर कित्येक पेशींनी दोन्ही रंग घेतलेले, बाहेरच्या थराचा लाल आणि आतल्या थराचा हिरवाही.

मॅडमनी मायक्रोस्कोपमधून मान वर न करता सांगितलं, "वय. या वयात हे असं होतं, धड इकडच्या होत नाहीत, धड तिकडच्या होत नाहीत. सोडून दे."

मी सोडलंही असतं. पण पुढच्या आठवड्यात ठरलेली शस्त्रक्रिया रद्द झाली, त्या बाईला ताप आला म्हणून. त्यानंतरची जी होती तिच्या नवऱ्याने नको सांगितलं. माझ्याकडे करायला दुसरं काही नव्हतं. इन्क्युबेटरमध्ये बाईंचीच एक प्लेट होती आणि गोठवलेल्या काही नळ्या होत्या. तेव्हा मी पुन्हा सुरुवात केली.

या वेळी पेशी आधी न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये तरंगत ठेवल्या. तळ न मिळाल्यावर बहुतेक पेशी मरतात; मूलपेशी तेवढ्या तग धरतात आणि छोटे गोळे करून राहतात. फारच थोडे मिळाले. ते मी जेलमध्ये घातले, आणि जेल घट्ट बसल्यावर बारीक चमच्याने त्याच्या कडा सोडवल्या. प्लेटला चिकटलेलं जेल पेशींना ओढता येत नाही. सुटं तरंगणारं जेल त्या ओढतात, ते आकसतं आणि त्यांच्यावरचा ताण कमी होतो. ही काही माझी युक्ती नव्हती, हे इतर लॅबमध्ये करत होते. आमच्याकडे कुणी केलं नव्हतं, कारण कडा सोडवताना निम्मी जेलं फाटतात. माझीही फाटली.

जी उरली ती बटणाएवढी आकसली. मग एका सकाळी त्यातल्या एकात फांदी दिसली. गोळ्यातून नळी निघाली होती आणि टोकाला दुभंगली होती. दोन दिवसांनी अशा बऱ्याच झाल्या, आणि फांद्यांच्या टोकांना गोल पिशव्या आल्या. सगळ्या पोकळ नव्हत्या. काही होत्या. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "संप्रेरकं घाल." त्यांच्याकडून एवढं म्हणजे बरंच होतं.

त्याच सुमारास अम्मीने जेवताना विचारलं की सध्या काय चाललंय. अम्मी घरात उर्दू बोलते, इथे तिचं मराठीत लिहिते. मी सांगितलं की एका बाईच्या पेशींना दूध येतं का ते बघतेय. तिने घास खाली ठेवला.

याचं कारण असं की मी दुसऱ्या बाईच्या दुधावर वाढलेली आहे. माझ्या जन्मानंतर अम्मीला टायफॉइड झाला. तेव्हा आम्ही गंज पेठेत होतो आणि शेजारच्या काकूंना माझ्याएवढाच मुलगा होता. त्यांचे यजमान पालिकेत कारकून. काकूंनी कुणाला न विचारता मला उचलून नेलं आणि अम्मी बरी होईपर्यंत पाजलं. आमच्यात या गोष्टीला नात्याचा दर्जा आहे. जिने पाजलं ती आई, तिची मुलं सख्ख्या भावंडांसारखी, त्यांच्याशी लग्न होत नाही. काकूंच्या मुलाला मी राखी बांधते ती शेजारी म्हणून नाही, हे त्याला लहानपणी कळत नसे.

"ते दूध एखाद्या मुलाने प्यायलं," अम्मी म्हणाली, "तर त्याची आई कोण? ती बाई की तू?"

"कुणी पिणार नाही अम्मी. थेंबसुद्धा नसतो, डोळ्यांना दिसत नाही."

"प्यायचं नाही तर बनवता कशाला?"

मी तिला सांगितलं की पेशी कशी ठरवते हे कळलं तर पुढे कर्करोगाच्या अभ्यासाला उपयोग होतो, कारण तिथे ते ठरवणंच बिघडलेलं असतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तरी धर्मातलं जाणणाऱ्या कुणाला तरी विचारून ठेव." मी कुणाला विचारलं नाही. तिने विचारलं असावं, कारण तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

कमिटीचं उत्तर आलं. बाईंना लॅब दाखवायला हरकत नाही, मात्र पेशींवरून त्यांच्या तब्येतीबद्दल काहीही सांगू नये. पुढे कमिटीने संमतिपत्रातच एक चौकोन घातला, वाढलेल्या पेशी पाहण्याची इच्छा आहे का, हो किंवा नाही. फार थोड्या बायका हो म्हणतात.

मी बाईंना फोन केला. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आल्या. खांद्यावर शबनम पिशवी, अंगात सैल कुर्ता, जो आता नुसता लोंबत होता. दवाखान्यात पाहिलं होतं त्यापेक्षा उंच वाटल्या. मी त्यांना कोट दिला, चपलांवर घालायच्या पिशव्या दिल्या. त्यांनी काही न विचारता सगळं घातलं.

आधी जिवंत पेशी दाखवल्या. पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावणाऱ्या सगळ्यांना दिसतं तेच त्यांना दिसलं.

"काळ्या काड्या आहेत."

"त्या तुमच्या पापण्या आहेत. जरा मागे व्हा."

त्या मागे झाल्या.

"हा तर त्रिभुज प्रदेश झाला. मुखाशी नदी फुटते तसा."

"फांद्या म्हणतो आम्ही."

"तुम्ही काहीही म्हणा. हे माझं?"

"तुमच्यातून निघालेलं."

त्यांनी डोळा काढला नाही. खाली मान घालूनच विचारलं, "यावरून मला पुढे काही होईल का ते कळतं?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

"म्हणजे कळतं."

"नाही, कळतही नाही."

"मग तसं सांगा ना. परवानगी कशाला मध्ये आणता?"

रंगवलेल्या पेशी बघायला शेजारच्या छोट्या खोलीत जावं लागतं. तिथे दिवा बंद ठेवतात. मी पडद्यावर एक पिशवी आणली. बाहेरून लाल कडं, आत हिरवं कडं, आणि पोकळीत पांढरे ठिपके. अशी पिशवी सापडायला मला पूर्ण दुपार लागली होती. तिच्या आसपास भरीव गोळेच जास्त होते, तेही मी त्यांना दाखवले.

"यात दूध कुठलं?"

"ते पांढरे ठिपके. दुधातलं एक प्रथिन आहे ते. त्याला दूध म्हणता येणार नाही."

"तुम्ही म्हणू नका. मी म्हणते."

मी चित्र आणखी मोठं केलं.

"या जिवंत आहेत?"

"नाही. रंगवायच्या आधी माराव्या लागतात. बाहेर पाहिल्यात त्या जिवंत."

"म्हणजे दूध आलं का ते बघायचं तर मारायचं."

"हो."

"आणि नाही बघितलं तर?"

"आलं होतं का ते कळत नाही."

त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता आणि मी बघायचा प्रयत्नही केला नाही. त्या बोलू लागल्या, पण मला उद्देशून आहे असं वाटलं नाही.

"मधल्या सुट्टीत मैदानावर माझी ड्यूटी असते. मुलं पळतात, मी कडेकडेने चालते. मला पळायचं नव्हतं असं नाही. सातवीत होते तेव्हा लंगडीत माझ्यासारखी कुणी नव्हती. आठवीत सोडली. घरच्यांनी सोडायला लावली नाही हं, मीच सोडली." मग म्हणाल्या, "कालपरवा पोरं ग्राउंडवर नव्हती तेव्हा एक चक्कर पळून बघितली. दम लागला. दम लागतो हे विसरलेच होते मी."

तेवढ्यात मॅडम आल्या. दोघी साधारण एकाच वयाच्या. मॅडमनी चहा मागवला. बाहेर येऊन तो पिताना बाईंनी विचारलं, एखादा फोटो मिळेल का.

"तुमच्या नावाने देता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाव नकोच. कुणाचं आहे ते मला माहीत आहे."

मॅडम उठल्या आणि फांद्यांचा एक फोटो साध्या कागदावर छापून घेऊन आल्या. वर काही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी तो घडी न घालता, शबनममधल्या जाड पुस्तकात सरळ ठेवला.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. वाटेत त्यांनी पेशींचं पुढे काय होणार विचारलं. मी सांगितलं की शरीराबाहेर काढलेल्या अशा पेशी काही दिवस वाढतात, मग थांबतात. काही नळ्या गोठवून ठेवल्यात, त्या राहतील. त्या "बरं" म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याशी मीटरवरून दोन वाक्यं बोलून निघून गेल्या.

संध्याकाळी अम्मीने विचारलं, "खूश झाली का ती?"

"मला कळलं नाही."

"जेवायला घेऊन यायचं होतंस."

"तसं चालत नाही अम्मी."

"तुमच्याकडे काहीच चालत नाही," अम्मी म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

प्लेटमधल्या पेशी खरंच थांबल्या. एका आठवड्यात फांद्या वाढेनाशा झाल्या, मग त्यांच्या कडा पुसट झाल्या, मग मी त्या रीतीप्रमाणे ब्लीचमध्ये टाकल्या. तोवर नवे नमुने यायला लागले होते, तरुण बायकांचे, आणि त्यांचं काम सोपं होतं. मॅडमचा लेख तयार झाला तेव्हा बाईंचे आकडे त्यात बसले नाहीत. एवढ्या वयाचा एकच नमुना असला तर त्यावरून काही म्हणता येत नाही, आणि ते बरोबरच होतं. तरंगत्या जेलची पद्धत मात्र लेखात गेली आणि माझ्या प्रबंधातही.

हे आपण सांगायला हवं असं मला वाटलं, म्हणून मी त्यांना फोन केला. स्टाफरूममधला गलका ऐकू येत होता.

"छापलं नाही ना? वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. आवाजात नाराजी नव्हती. "अगं, पण मी वापरलं ते." त्या मला पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या.

"कशासाठी?"

"नववीला. नदीची भूरूपं चालली होती. फोटो मोठा करून फळ्यावर लावला आणि विचारलं, काय आहे ओळखा. कुणी गोदावरीचं मुख म्हणालं, कुणी झाड, कुणी फुप्फुस. एक जण फ्लॉवर म्हणाला. मी कुणालाच चूक म्हटलं नाही."

"मग खरं सांगितलंत?"

"सांगितलं. म्हटलं, स्तनातल्या पेशी आहेत, लॅबमध्ये वाढवलेल्या. मागचे दोन बाक हसायला लागले."

"मग?" मी विचारलं.

"मी आधी फळ्याकडे तोंड करायची असं कुणी हसलं की. लिहायला काही नसलं तरी लिहायची. या वेळी नाही केलं. तशीच उभी राहिले त्यांच्याकडे बघत. हसून हसून किती हसणार? थांबले. माझ्या आहेत ते नाही सांगितलं, तेवढं त्यांना कशाला. मग दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, बाई, पण फांदी नेमकी कुठून फुटायची, हे त्या पेशीला सांगतं कोण?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, ते अजून कुणाला नीट माहीत नाही. बरोबर सांगितलं ना?"

"हो," मी म्हटलं. "बरोबर सांगितलंत."